चौथं गाणं सोडून

मृतसाठा या बँडच्या पाचव्या अल्बमच्या नमुन्याच्या रेकॉर्ड्स शनिवारी सकाळी आल्या. त्या उघडायला बँडमधले चौघं सरावाच्या खोलीत जमले तेव्हा चौघंही धापा टाकत होते. खोली गादीच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. बावीस वर्षांपूर्वी हाच जिना ते ड्रम डोक्यावर घेऊन पळत चढायचे. आता मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवलेली होती आणि ती कोणी ठेवली हे कोणी विचारत नव्हतं.

दुकान ड्रम वाजवणाऱ्याचं, म्हणून तो गादीवाला. गिटार वाजवणारा शाळेत गणित शिकवायचा, तो मास्तर. रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि कारखान्याशी पत्रव्यवहार मास्तरच्याच अंगावर होता, कारण दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं आणि शिकून घ्यावं असंही कोणाला वाटत नव्हतं. गाणारा, म्हणजे पोटातून गुरगुरणारा, दवाखान्यात ब्रदर होता. पेशंट त्याला ब्रदर म्हणत, बँडही ब्रदरच म्हणायचा. आणि बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवणारा दिवसभर शहरातल्या सत्तेचाळीस लिफ्ट सांभाळायचा. तो लिफ्टवाला.

डेथ मेटल म्हणजे काय, हे लिफ्टवाल्याने नातेवाइकांना निदान चाळीस वेळा समजावून सांगितलं होतं आणि मग नाद सोडला होता. त्याच्या सासूबाईंनी एकदाच ऐकलं आणि विचारलं, "त्या माणसाला नेमकं कुठे दुखतंय?" यापेक्षा नेमकी व्याख्या त्याला पुढे कधी सुचली नाही. बेस म्हणजे काय हे तर कोणी विचारतच नसे. बँडमधला जुना विनोद होता की बेस वाजवणारा लागतो तो टेम्पो चालवायला. टेम्पो खरंच लिफ्टवालाच चालवायचा, त्यामुळे विनोदाला उत्तर देता येत नव्हतं.

मास्तरने खोका उघडला. चार पांढरी पाकिटं, त्यांवर ना चित्र ना नाव, आत काळी तबकडी. कारखाना आधी असे नमुने पाठवतो. बँडने ऐकून "ठीक आहे" कळवलं की तीनशे प्रती निघतात. "ठीक नाही" कळवलं तर साचे नव्याने करायचे आणि पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं. रांग पाच महिन्यांची होती.

"नेहमीचा नियम," मास्तर म्हणाला. "घरी जाऊन एकट्याने ऐकायचं. दोन्ही बाजू, मध्ये न उठता. मग या कागदावर सही. गुरुवारपर्यंत चारही सह्या खाली दुकानात पाहिजेत. शुक्रवारी दुपारी बाराला मी कळवणार."

"आणि मध्ये लघवी लागली तर?" गादीवाल्याने विचारलं. पन्नाशीत हा प्रश्न थट्टेचा राहिलेला नव्हता.

"पहिली बाजू संपल्यावर."

ब्रदर हसला, पण आवाज न करता. त्याच्या स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढून तपासायची असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. रेकॉर्डिंगसाठी त्याने ऑपरेशन एकदा पुढे ढकललं होतं आणि आता नवी तारीख मिळाली होती, अल्बम निघाल्यावर ठरलेल्या शोनंतरच्या नवव्या दिवसाची. तोवर बोलणं बंद. खिशात दवाखान्याच्या रद्द झालेल्या फॉर्मचं कापून केलेलं पॅड असायचं. त्याच्या कोऱ्या बाजूवर तो लिहायचा. त्याने लिहिलं आणि कागद सगळ्यांसमोर धरला.

"रेकॉर्ड हातात घेऊनच शेवटचं ओरडणार. रेकॉर्ड नाही तर ऑपरेशन नाही."

"शेवटचं कशाला?" गादीवाला म्हणाला. "गाठ काढल्यावर आणखी मोकळा ओरडशील."

ब्रदरने त्याच्याकडे पाहिलं. दवाखान्यात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाची ती नजर होती. मग सगळ्यांनी आपापलं पाकीट काखेत मारलं आणि जिना उतरायला सुरुवात केली. उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त बोलतात.

---

अल्बमचं नाव होतं "हाडांचं वजन". त्यात आठ गाणी, सात मास्तरची आणि एक लिफ्टवाल्याचं. बावीस वर्षांत त्याने केलेलं हे एकुलतं एक गाणं, अनुक्रमांक चार, नाव "खड्डा". एका जुन्या इमारतीतली लिफ्ट खाली यायला निघाली की मोटरचा एक लांब, खोल हुंकार निघायचा. तो हुंकार वर्षभर त्याच्या डोक्यात राहिला आणि एका रविवारी बोटांत उतरला. बाकीची गाणी गादीवाल्याच्या दोन्ही पायांवर धावायची; हे एकच सावकाश होतं. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पडलेला माणूस वरून उतरणाऱ्या केबिनकडे बघतोय, असे शब्द ब्रदरने लिहिले होते.

बुधवारी सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून लिफ्टवाल्याने तीन माणसं काढली. तिघांनीही बाहेर पडल्या पडल्या त्यालाच झापलं. जणू तोच आत बसून लिफ्ट धरून ठेवत होता. घरी पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. बायको म्हणाली, "अहो, आधी बूट तरी काढा." त्याने बूट काढले, हात धुतले, खोलीचं दार लावलं, सुई ठेवली.

दोन्ही बाजू त्याने ऐकल्या. डोळे मिटले, पण झोपला नाही. हे त्याने नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पक्कं केलं. चौथं गाणं आलं तेव्हा तर तो सावरून बसला. आपला बेस कसा भिंतीसारखा मागे उभा आहे हे ऐकून त्याला बरं वाटलं. गुरुवारी सकाळी कामावर जाताना त्याने दुकानात थांबून सही केली. गादीवाल्याची आणि ब्रदरची आधीच झाली होती.

"काय, ऐकू आलास का?" गादीवाल्याने विचारलं.

"तुझ्या धबडग्यातून जेवढा येतो तेवढा."

"मग जास्तच येतोयस. मास्तरला सांगून कमी करायला पाहिजे."

---

गुरुवारी पहिली पाळी होती, तीन वाजता तो घरी होता. बाबा खिडकीपाशी बसले होते. बाबांनी चौतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं आणि त्या खडखडाटात कान घालवले. चमचा पडला, फोन वाजला, सून ओरडली, त्यांना पत्ता नसे. सून म्हणायची, "सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं." पण खालच्या रस्त्यावरून जड ट्रक गेला की ते मान वर करायचे. जाड, खालचे आवाज त्यांच्यापर्यंत पोचत, कानातून कमी आणि हातापायांतून जास्त. छापखान्यात मशीनवर नुसता तळवा ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगत. मुलगा लिफ्टच्या मोटरवर हात ठेवून तेच करायचा. ती विद्या घरातलीच होती.

"आली म्हणे तुझी रेकॉर्ड," बाबा म्हणाले. "लाव की."

"बाबा, तुम्हाला कुठे ऐकू येणार?" त्याने हातवारे करत विचारलं.

"हाताला येतं. लाव."

स्पीकरच्या पेट्या लिफ्टवाल्याने स्वतः बांधलेल्या होत्या, कंबरेइतक्या उंच. बाबांनी खुर्ची ओढली, एका पेटीवर तळवा ठेवला आणि पेशंटची नाडी बघणाऱ्यासारखा चेहरा केला. पहिलं गाणं सुरू झालं. बाबांची मान हलू लागली. दुसरं, तिसरं. लिफ्टवाला दारात उभा राहून चहा पीत होता.

चौथं सुरू झालं आणि थोड्या वेळाने बाबांची मान थांबली. त्यांनी तळवा जरा खाली सरकवला. मग दुसरा तळवा ठेवला.

"बंद पडलं का रे?"

"चालू आहे, बाबा." त्याने फिरणाऱ्या तबकडीकडे बोट दाखवलं.

"ते बघतोय मी. पण आत नुसतं कोणीतरी अधूनमधून दार ठोकतंय. तू कुठे गेलास?"

म्हाताऱ्या माणसाला काय समजावणार, असं मनात म्हणत त्याने सुई उचलून तिसऱ्या गाण्यावर ठेवली. "आहेस," बाबा म्हणाले. रेकॉर्ड उलटून पाचवं लावलं. "आहेस." परत उलटून चौथं. बाबांनी मान हलवली. "नाहीस."

तेव्हा त्याने स्वतः पेटीवर हात ठेवला. गिटारची खरखर तळव्याला मुंग्या आल्यासारखी लागत होती. ड्रमचा ठोका येत होता. त्या दोहोंच्या खाली जिथे तो असायला हवा होता, तिथे लाकूड गार आणि गप्प होतं. त्याने हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आता ऐकायचं काय हे कळलं होतं, त्यामुळे काहीच ऐकू येत नव्हतं. गिटार तीच सुरावट वाजवत होती, आणि काल बेस वाजला होता तो त्याच्याच डोक्यात. वर्षभराची सवय. कपाटात नसलेली वस्तूही रोजच्या जागी दिसत राहते, तसंच.

स्वतःचं गाणं, त्यात स्वतःच नाही. आणि त्यावर स्वतःची सही.

ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो लिफ्टचं काम शिकला, त्याने पहिल्याच दिवशी मशीन रूममधलं लॉगबुक दाखवून सांगितलं होतं : काम अर्धं राहिलं तर अर्धं लिही, झालं नाही तर नाही लिही, पण न बघितलेल्या कामावर सही करू नकोस, न बघता सही करणारा एक दिवस कोणाला तरी खड्ड्यात घालतो. सव्वीस वर्षांत त्याने हे कधी मोडलं नव्हतं. मोडलं ते घरात बसून, डोळे मिटून.

"बिघाड सापडला का?" बाबांनी विचारलं.

"सापडला," तो म्हणाला आणि पुन्हा बूट चढवायला बसला.

---

मास्तर शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत वह्यांच्या ढिगाऱ्यामागे होता. आधी त्याने मानलंच नाही.

"तुझे कान तपासून घे. मी शंभर वेळा ऐकलंय ते गाणं."

"कान नाही, हात लावून बघितलं."

"कोणाचा हात?"

"बाबांचा."

मास्तरने लाल पेन ठेवलं. पिशवीतून लॅपटॉप काढला, मिक्स उघडलं, चौथ्या गाण्यावर आला. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या होत्या. बेसच्या पट्टीच्या टोकाला एक बारीकसा चौकोन पिवळा पेटलेला होता. म्यूट.

"गिटारचे थर तपासायला बंद केला होता," मास्तर म्हणाला. "पाच मिनिटांसाठी. चार महिने झाले."

"हं."

"चार महिने मी तो ऐकतोय. काल पण ऐकला. पोरांना रोज सांगतो, उत्तर आलं तरी ताळा करून बघा." त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. "माझ्या थोबाडीत मार."

"उगाच कशाला? मी पण सही केलीये."

"तू दमून आलेला असशील."

"आपण सगळेच दमलोय, मास्तर. दमलो म्हणून कोणी ब्रेक न तपासता जात नाही."

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. मास्तरने चौकोनावर बोट टेकवलं. पिवळा रंग गेला. एवढंच काम होतं. "इंटरनेटवर जाणारं आजच्या आज दुरुस्त होईल," तो म्हणाला. "रेकॉर्डचं मात्र साचे नवे. मी आत्ता कळवतो. चूक माझी, निस्तरायचं मी."

"आणि ब्रदर?"

मास्तरने चष्मा पुन्हा चढवला. शो सहा आठवड्यांवर होता. रेकॉर्ड पाच महिने लांबली, तर ब्रदर पुन्हा तारीख मागणार हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. आणि आता आणखी थांबणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी मागच्या वेळी तारीख देताना सांगितलं होतं, तेही दोघांना माहीत होतं.

"त्याला समजावता येईल," मास्तर म्हणाला.

"बावीस वर्षांत कधी समजावलंयस?"

"नाही." मास्तरने मधल्या सुट्टीत दुकानातून आणलेला सह्यांचा कागद पुढे ओढला. चार सह्यांतली त्याची स्वतःची बाकी होती. "उद्या बाराला कळवायचंय. गाणं तुझं, बेस तुझा. तू म्हणशील तसं. लोकांना कळणार नाही हे मी म्हणणार नाही."

"का? म्हण की."

"कारण ते खरं आहे," मास्तर म्हणाला, "आणि तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं नाहीये."

---

दवाखान्याची पाळी सातला सुटायची. रुग्णवाहिका थांबतात त्या उतारापाशी एक सिमेंटचा बाक होता. लिफ्टवाला तिथे जाऊन बसला. सांगायचंच असं ठरवून तो आला होता. खरं काय ते सांगावं, माणूस मोठा आहे, त्याचं तो ठरवेल. रस्ताभर त्याने वाक्यही जुळवलं होतं.

ब्रदर आला, शेजारी बसला, पाय लांब केले. त्याच्या पांढऱ्या बुटांवर औषधाचा तांबूस डाग होता. लिफ्टवाला तोंड उघडणार तोच त्याने खिशातून पॅड काढलं. आधीच लिहून ठेवलेला कागद त्यात होता.

"काल तीनदा लावलं. चौथं सगळ्यांत भारी. तुझा बेस छातीत बसतो."

लिफ्टवाल्याने तो कागद दोनदा वाचला. हसावं की रडावं हे त्याला कळेना, आणि दोन्हीसाठी लागणारं त्राण त्याच्यात नव्हतं.

"समजा," तो म्हणाला, "समजा कारखान्याने उशीर केला. रेकॉर्ड वेळेवर नाही आली तर?"

ब्रदरने खांदे उडवले आणि लिहिलं, "तर डॉक्टर थांबेल."

"आणि गाठ?"

ब्रदरने पॅडचं पान उलटलं. एक रुग्णवाहिका मागे मागे येत होती, तिला वाट दाखवणारा हात हलवत होता. मग त्याने बराच वेळ लिहिलं.

"माझ्या वॉर्डात लोक बरे होऊन जातात, नाव विसरतात. बरोबर आहे, विसरायलाच पाहिजे. पण मी जोरात होतो याचा एक तरी पुरावा मला हातात धरायचाय. मग गळा डॉक्टरचा."

जुळवलेलं वाक्य लिफ्टवाल्याच्या तोंडातच राहिलं. त्याने ब्रदरला घरापर्यंत टेम्पोतून सोडलं. वाटेत एकाला बोलायची बंदी होती आणि दुसऱ्याची बोलती बंद झाली होती.

शुक्रवारी साडेअकराला तो एका अकरा मजली इमारतीच्या मशीन रूममध्ये ब्रेकची झीज मोजत होता. हात पुसून त्याने मास्तरला फोन लावला. मधली सुट्टी असावी. मागे पोरांचा गलका होता.

"पाठव," तो म्हणाला. "ठीक आहे म्हणून कळव."

"नक्की?"

"नक्की. तू सही कर. गादीवाल्याला सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. ब्रदरला तर नाहीच."

"तुझं गाणं आहे रे ते. आयुष्यात एक केलंस."

"मला माहितीये. पाकिटातला कागद आपल्याकडेच छापायचा आहे ना अजून? शब्द आणि नावं असतात तो."

"हो, पुढच्या आठवड्यात."

"त्यात माझ्या नावापुढे एक ओळ टाक. बेस, लिफ्टवाला. त्याखाली, चौथं गाणं सोडून."

"लोक विचारतील," मास्तर म्हणाला. "ब्रदर वाचेल."

"तोवर रेकॉर्ड हातात आलेली असेल. न केलेल्या कामाखाली मला माझं नाव नकोय."

"अरे, केलंयस की तू काम!"

"रेकॉर्डवर नाहीये ना? मग नाही." मग जरा हलक्या आवाजात तो पुढे म्हणाला, "एक सही चुकीची झाली, मास्तर. दुसरी नको. ठेवतो, लिफ्ट बंद ठेवलीये, लोक जिन्याने चढतायत."

फोन ठेवून त्याने लॉगबुक काढलं. तारीख, वेळ. ब्रेकची एक बाजू झिजली आहे, बदलली. दुसरी तपासली, ठीक. त्याने पुन्हा उठून दुसरी तपासली. ठीक होती. मग सही केली.

---

रेकॉर्ड्स शोच्या चार दिवस आधी आल्या. शोच्या संध्याकाळी चौघं सभागृहामागच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या चळतीत बसले होते. गादीवाला मांड्यांना मलम चोळत होता. ब्रदरने एक पाकीट घेतलं, वास घेतला, तबकडी उजेडात धरली, मग आतला कागद उघडून वाचायला लागला. स्वतःचे शब्दही त्याने ओळीने वाचले. शेवटी तो नावांपाशी आला आणि थांबला.

त्याने आधी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने गिटारच्या तारा जुळवायला घेतल्या, ज्या जुळलेल्याच होत्या. मग त्याने लिफ्टवाल्याकडे पाहिलं, बराच वेळ. नर्सच्या नजरेला उत्तर द्यावं लागत नाही, ती स्वतःच तपासून घेते. पॅड निघालं.

"मला सांगितलं असतंस तर थांबलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," लिफ्टवाला म्हणाला.

"काय झालं? काय लिहिलंय?" गादीवाला मलमाच्या हाताने पुढे सरसावला. ब्रदरने कागद घडी करून खिशात घातला.

शो झाला. सभागृहात अडीचशे माणसं होती. निम्म्यांचे केस पांढरे, काहींनी कानात कापूस घातलेला. "खड्डा" सुरू झालं तेव्हा ब्रदर माइकपाशी न जाता आधी लिफ्टवाल्याच्या अॅम्प्लिफायरपाशी गेला आणि त्यावर पाठ टेकून उभा राहिला. चार ओळींचा बेस त्याने पाठीवर घेतला. मग पुढे जाऊन तो असा गुरगुरला की समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कानातला कापूस काढला.

शेवटी मेजामागे बसून त्याने प्रत्येक रेकॉर्ड आपल्या हाताने दिली. कोणी काही बोललं की छातीवर हात ठेवायचा.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर असं म्हणता आलं नसतं. आवाज बोलण्यापुरता परत आला. गुरगुरण्यापुरता नाही, आणि येणारही नाही.

महिन्याभराने एका मासिकात अल्बमवर पानभर लेख आला. टीकाकाराने लिहिलं होतं की चौथ्या गाण्यातून बेस पूर्णपणे काढून टाकणं हा या अल्बमचा सर्वांत धाडसी निर्णय आहे. पायाखालची जमीन नसल्याची भावना एवढ्या थंडपणे कोणी दिलेली नाही. इंटरनेटवर बेस घालून काढलेली आवृत्ती मात्र मिळमिळीत आहे. सरावाची खोली आता अर्धी गाद्यांनी भरली होती. गादीवाल्याने ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तोवर त्याला सगळं कळलं होतं आणि त्याने पंधरा दिवस अबोला धरून सोडलाही होता.

"बघ लिफ्टवाल्या," तो म्हणाला. "तू नसलास की सगळ्यांत चांगला वाजवतोस."

"मग उद्यापासून टेम्पो पण तूच चालव," लिफ्टवाला म्हणाला. ब्रदर हसला. आता त्याच्या हसण्याला थोडा आवाज होता.

---

त्यानंतरच्या एका गुरुवारी पहिली पाळी संपवून तो तीन वाजता घरी आला. बाबा खिडकीपाशी होते.

"लाव की," ते म्हणाले.

त्याने छापून आलेली रेकॉर्ड लावली. बाबांनी पेटीवर तळवा ठेवला. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसरं संपत आलं तसा लिफ्टवाल्याने कोपऱ्यातला बेस उचलला, वायर दुसऱ्या पेटीला जोडली आणि बाबांचा दुसरा हात उचलून तिच्यावर ठेवला. बूट काढायचे राहिले होते.

चौथं सुरू झालं. गिटार आली, दाराचा ठोका आला, आणि त्यांच्या खाली तो हळूच शिरला. सबंध सात मिनिटं. बाबांचे डोळे मिटलेले होते, एक हात तबकडीवरच्या तिघांवर, एक हात त्याच्यावर. स्वयंपाकघरातून बायकोने डोकावून पाहिलं आणि बुटांबद्दल काही न बोलता ती परत गेली.

गाणं संपलं. सुई खरखरत राहिली.

"आता आहेस," बाबा म्हणाले. मग त्यांनी तळवा पुन्हा टेकवून, मशीनमनच्या चोखंदळपणाने जरा विचार केला. "पण मागे पडतोस जरासा."

"दमलोय, बाबा," तो म्हणाला. त्यांना ते ऐकू आलं नाही. त्याने सुई उचलून पुन्हा चौथ्याच्या सुरुवातीला ठेवली.